कॅलेंडरवर लिहिलेला पासवर्ड

आमच्या घरी एखादी गोष्ट विसरायची नसली की ती कॅलेंडरवर लिहायची. गॅसचा सिलिंडर कधी लावला, आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधी संपतात, नारळ पाडणारा गडी कुठल्या वारी येतो म्हणाला, सगळं तिथे. बाबा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अक्षर छापल्यासारखं. चौकोनात मावलं नाही तर समासात जायचं, आणि वर्ष संपलं की जे महत्त्वाचं असेल ते बाबा नव्या कॅलेंडरवर उतरवून काढायचे. त्याच कॅलेंडरवर माझा पासवर्ड होता. एक वर्ष नाही, दोन वर्षं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि राग कुणावर काढायचा? मीच ती बाई, जी अठ्ठ्याण्णव सालापासून मारुती मंदिराजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होती. दर बॅचला पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहायची: पासवर्ड म्हणून आपलं नाव, गाव, जन्मतारीख ठेवू नये, पासवर्ड कुणाला सांगू नये. पोरं पासवर्ड टाकायला लागली की बाकीच्यांना तोंड फिरवायला लावायची. कुणी तिरक्या डोळ्यानं बघितलं तर मी असा काही आवाज चढवायची की खालच्या दुकानदारालाही ऐकू जाई. आणि माझा स्वतःचा पासवर्ड काय? घराचं नाव आणि आमच्या फोनचे शेवटचे चार आकडे. घराचं नाव गेटवर रंगवलेलं, फोन डिरेक्टरीत छापलेला. कप्पाळ माझं!

त्याला एक कारण झालं होतं. एका वैशाखात वळवाची वीज फोनच्या तारेतून घरात शिरली आणि मोडेमसकट कॉम्प्युटर जाळून गेली. माझ्या चार वर्षांच्या नोट्स, फोटो, सगळं गेलं. फ्लॉप्या होत्या, त्यांच्यावर कोकणातल्या दमट हवेनं बुरशी धरलेली. त्यामुळे इंटरनेटवर फुकट जागा देणारी एक वेबसाइट सापडली, 'तुमच्या फायली आमच्याकडे ठेवा, कुठूनही उघडा' म्हणणारी, तेव्हा मला केवढा आनंद झाला. घरात आम्ही तिला 'कपाट' म्हणायला लागलो. वीज येवो, पाणी शिरो, कपाट लांब कुठेतरी सुखरूप. सर्टिफिकिटं ठेवली, आईबाबांचे जुने फोटो ठेवले, अमेरिकेतल्या चुलत भावानं पाठवलेले त्याच्या मुलांचे फोटो ठेवले. बाबांना ते नातवंडांचे फोटो दुपारी बघायचे असायचे आणि मी क्लासला. म्हणून मी पासवर्ड त्यांना सांगितला. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि कॉम्प्युटरच्या वरच टांगलेल्या कॅलेंडरवर लिहिलं: 'कॉम्प्युटरचे कपाट', आणि त्याच्याखाली पासवर्ड.

मी ते बघितलं आणि हसले. आमची वाडीच तशी. घर बंद करून कुठे निघालो की किल्ली शेजारच्या काकींच्या खुंटीवर. कुणाला खोरं लागलं, पाटा लागला, त्यानं किल्ली घ्यावी, दार उघडावं, वस्तू न्यावी. त्यात कुणाला गैर वाटायचं नाही. पासवर्डचंही आम्ही तेच केलं.

आता धाकटीचं सांगते. माझी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती एक दिवस अंथरुणातून उठलीच नाही. ताप नाही, खोकला नाही. आई म्हणाली, नजर लागली. आत्या म्हणाली, आळस, दोन थोबाडीत द्या. धाकटी जेवेना, बोलेना, आणि बाहेर गेलीच तर मागच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायची, हाक मारली तरी वळायची नाही. तीन महिने हे चाललं तेव्हा मीच तिला रिक्षात घातली आणि डॉक्टरांकडे नेली. रत्नागिरीत डोक्याचा डॉक्टर म्हटलं की लोक काय काय बोलतात ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून दवाखान्यात जाताना आई शेजारी सांगायची, 'दात दाखवायला चाललोय.' वर्षभर आम्ही दातच दाखवत होतो.

डॉक्टर भला माणूस. गोळ्या दिल्यान, आणि तिला एक वही दिलीन. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ही बोलत नाही, पण लिहिते. हिचं लिहिणं थांबू देऊ नका. लिहिणं थांबलं तर मला लगेच कळवा.' एवढं एकच त्यांनी निक्षून सांगितलं. मी ते कॅलेंडरवर नाही लिहिलं, पण मनात कोरून ठेवलं.

पहिली वही तिनं स्वतःच न्हाणीघरातल्या चुलीत घातली. पाणी तापत होतं, हिनं वही सारली आत. मी धावले तोवर पुठ्ठासुद्धा उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, दुसरी द्या. दुसरी भरली तेव्हा मी ठरवलं, ही जळू द्यायची नाही. पुढे पुण्यामुंबईच्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर? दुपारी एक ते तीन क्लास बंद असायचा. त्या वेळेत आठवडाभर बसून मी क्लासच्या स्कॅनरवर तिची वही पानापानानं स्कॅन केली. चाळीसच्या वर पानं. अक्षर फिकट आलं तर पुन्हा केलं, पान वाकडं आलं तर पुन्हा. एकेक पान त्या कपाटात चढायला पाचसात मिनिटं लागायची. आणि फोल्डरला नाव काय दिलं? 'धाकटीची वही'. बाहेरून वाचता येईल असं. शाबास माझी!

धाकटी हळूहळू उठली. जेवायला लागली, भांडायला लागली, परीक्षा दिली. आणि मुलगी उठून बसली रे बसली की आपल्याकडे पुढचं पाऊल एकच. पावसहून स्थळ आलं. आंब्याची बाग, मुलगा शिकलेला, घर मोठं. बघण्याचा कार्यक्रम छान झाला. मुलानं धाकटीला हसवलंसुद्धा. मी बाबांना म्हटलं, आजाराचं त्यांना आपण सांगू या, तिला विचारून, नीट समोर बसून. बाबा म्हणाले, 'बघू, मे महिना जाऊ दे.'

आणि मे महिन्यात मुंबईहून आला आमचा आतेभाऊ. हा कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला, त्यामुळे आमच्याकडे आला की पहिलं माझ्या मशीनसमोर बसणार, 'किती स्लो आहे गो हे' म्हणणार आणि फणसाचे गरे खात कीबोर्ड चिकट करणार. दोन दिवस राहिला, आंब्याची पेटी घेऊन गेला. आम्हाला काही कळलं नाही.

आठ दिवसांनी पावसहून मुलाच्या आईचा फोन. बाबांनी घेतला. मी आणि धाकटी तिथेच फणसाच्या आठळ्या सोलत होतो. बाबा आधी हसून बोलत होते, मग त्यांचा आवाज खाली गेला. फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. 'नको म्हणतात,' म्हणाले. 'म्हणाल्या, मुलगी विहिरीच्या कठड्यावर बसून आतल्या पाण्याशी बोलते म्हणे. म्हणाल्या, आमच्या बागेत तीन विहिरी आहेत हो.'

धाकटीच्या हातातली आठळी तशीच राहिली. विहिरीवर बसते हे वाडीला माहीत होतं. पाण्याशी बोलते हे कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त वहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शोधायला काय वेळ लागतोय? पावसच्या बाईंना आत्यानं सांगितलेलं, आत्याला तिच्या मुलानं. मी आतेभावाला मुंबईला फोन लावला. माझं डोकं असं फिरलेलं की एसटीडीचा मीटर कुठे पळतोय याचं भान नव्हतं. म्हटलं, 'लाज नाही वाटली रे तुला?' तर हा शहाणा म्हणतो कसा, 'अगो, पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. मी काय कुलूप फोडलं?' मी म्हटलं, 'तुझ्या आईची ट्रंक उघडी असली तर तू तिची पत्रं वाचशील?' तर म्हणतो, 'मी चारच पानं वाचली. आणि आईला काळजीनं सांगितलं.' काळजीनं! डोंबलाची काळजी! काळजी होती तर एक फोन धाकटीला करता आला असता ना मेल्याला.

आत्या तर त्याच्यावर कडी. 'मी चांगल्यासाठीच सांगितलं. लग्नानंतर कळलं असतं तर?' मी म्हटलं, 'आत्या, सांगायचंच होतं आम्हाला. पण ते तिनं सांगायचं होतं, तुम्ही नाही.' त्यावर ती बाबांना म्हणाली, 'तुझी थोरली फार बोलते हां.'

पण खरा संताप मला घरातल्यांचा आला. आई म्हणते, 'तू ते तिथे ठेवलंसच कशाला?' बाबा म्हणतात, 'घरातल्या घरात कसली आली चोरी? आपलाच मुलगा आहे.' शेजारच्या काकी म्हणाल्या, 'एवढं लपवण्यासारखं काय होतं गो त्यात?' म्हणजे बघा, उघडणारा राहिला बाजूला, वाचणारा राहिला बाजूला, गावभर करणारी राहिली बाजूला, आणि चूक कुणाची, तर ठेवणारीची आणि लिहिणारीची! ज्यांनी जन्मभर शाळेत पोरांना 'दुसऱ्याचं पत्र वाचू नये' हे शिकवलं त्या बाबांनी हे म्हणावं! मी कॅलेंडरचं ते पान टराटरा फाडलं. बाबा ओरडले, 'अगं, त्यावर सिलिंडरची तारीख होती!' मी म्हटलं, 'जाऊ दे खड्ड्यात सिलिंडर!'

आणि धाकटीनं लिहिणं थांबवलं. डॉक्टरांनी जे एकच होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेच झालं. मी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळ्या वाढवल्या, पण तिसरी वही कोरी पडून राहिली. ती पुन्हा दुपारची झोपायला लागली, ताटात अर्धी भाकरी ठेवायला लागली. मी रोज जाऊन त्या वहीवर नजर टाकायची. पेन होतं तिथेच असायचं.

मी हात धुऊन मागे लागले. कपाटातून फोल्डर काढून टाकला. पण काढून टाकला म्हणजे खरंच गेला का? त्या वेबसाइटला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्यांचे नियम म्हणून जे लांबलचक होतं ते पहिल्यांदा वाचलं, त्यात लिहिलेलं की तुमच्या फायलींच्या प्रती आमच्याकडे काही काळ राहू शकतात. म्हणजे कपाटाची एक किल्ली मालकाकडेही होतीच, आणि मी दोन वर्षं खुशाल तिथे घरदार नेऊन ठेवत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम सापडला. चार दिवस डोकं फोडून मी तो शिकले. ह्यात कुलूप दाराला नसतं, अक्षरांनाच असतं. फाईल आपल्याच मशीनवर आधी बंद करायची आणि मग बाहेर ठेवायची. कपाटाच्या मालकानं उघडली, आतेभावानं उघडली, तरी समोर नुसता अक्षरांचा चिखल. पासवर्ड मात्र लांब हवा, एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द, मधे आकडे, आणि तो विसरलात तर जगात कुणीही ती फाईल उघडून देऊ शकत नाही. मी माझीच एक फाईल बंद करून उघडून बघितली. खरंच काही कळत नव्हतं. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'छान. नवीन पासवर्ड काय?' आणि पेन शोधायला लागले!

'नाही सांगणार,' मी म्हटलं.

'मला? अगं, उद्या तुला काही झालं तर?'

'तर फाईलही गेली, बाबा.' ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी नमले नाही.

मग मी धाकटीच्या खोलीत गेले. अगदी बक्षीस घेऊन जावं तशी. तिला सगळं समजावलं, चिखल दाखवला. म्हटलं, 'आता तू बिनधास्त लिही. पासवर्ड फक्त दोघींना माहीत. तू आणि मी.'

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, 'आणि तू कशाला?'

'म्हणजे?'

'त्यानं चार पानं वाचलीन. तू सगळी वाचलीस.'

मी म्हटलं, 'अगं, स्कॅन करताना बघायला लागतं. अक्षर नीट येतंय की नाही.'

'ते एका पानावरून कळतं, ताई.'

खरं सांगते, आधी मला तिचाच राग आला. हिच्यासाठी मी क्लास सांभाळून पळापळ केली, आत्याशी भांडले, बापाचा अबोला सोसला, आणि ही मला त्या फणसखाऊच्या पंगतीला बसवते? ओठांवर आलं होतं, गिळलं. बाहेर येऊन पडवीत बसले. आणि बसल्यावर आठवलं. पहिलं पान मी अक्षरासाठी बघितलं होतं. दुसऱ्या पानापासून मी वाचत होते. तिनं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते शोधत होते. एका पानावर सापडलंही. 'ताई सगळं करते, पण विचारत नाही.' ते मी दोनदा वाचलं होतं, पुसट नसताना दुसऱ्यांदा स्कॅन केलं होतं, आणि तिच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. बाकीच्यांवर वीज पाडत फिरणारी मी, पहिली चोर घरातली मीच. मला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. कसं बंद करायचं, कसं उघडायचं, एवढं शिकवलं. म्हटलं, 'आता तुझा पासवर्ड तू टाक. मी जाते बाहेर.' पडवीत आले तरी बटणांचे आवाज येत होते, आणि माझी खोड बघा, मी मोजायला लागले. बारापर्यंत मोजले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. उठून पार विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासानं परत आले तरी ती लिहीतच होती.

पुढे तिला दापोलीला नोकरी लागली. लॅबमध्ये. खोली घेऊन एकटी राहायला लागली, पहिल्या काही पगारांतून कॉम्प्युटर घेतला. दर शनिवारी ती बंद केलेली फाईल मला मेलनं पाठवायची, मी ती नव्या कपाटात आणि एका सीडीवर ठेवायची. एकाच ठिकाणी राहू नये म्हणून. आत काय आहे ते मला आजतागायत माहीत नाही. मला दिसायचा फक्त फाईलचा आकार. तो आकडा दर शनिवारी थोडा वाढलेला असायचा. वाढला की मी निश्चिंत व्हायची. लिहितेय म्हणजे बरी आहे. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

मग एका पावसाळ्यानंतर दोन शनिवार आकडा होता तेवढाच राहिला. तिसऱ्या शनिवारीही तोच. मी फोन केला. म्हटलं, 'काय गो, फाईल बरोबर पाठवलीस ना? जुनीच आली वाटतं. तुझ्या मशीनला काही झालंय का?'

ती म्हणाली, 'तू आकडा बघतेस.'

'अगं, ठेवताना दिसतोच तो...'

'दर आठवड्याला?'

'दर शनिवारी,' मी कबूल केलं.

'वही सगळ्यांनी वाचलीत,' ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. 'आता वाचता येत नाही तर तिचं वजन करतेस. मशीनला काय झालं विचारतेस. ताई, तुला तोंड आहे ना गो?'

माझ्यासमोर भिंतीवर नवं कॅलेंडर होतं, बाबांच्या अक्षरानं भरलेलं. मी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

'बरी आहेस का तू?' मी विचारलं.

 

'नाही,' ती म्हणाली. 'येशील?'

मी पिशवीत दोन साड्या कोंबल्या. दापोलीची एसटी तासाभरात होती. बाबा दारात आले, हातात पेन. 'कुठे चाललीस? धाकटीकडे? काय झालंय तिला?'

'तिला विचारा, बाबा,' मी म्हटलं.

मी पायऱ्या उतरून गेटपाशी पोचले तेव्हा मागे वळून बघितलं. बाबांनी पेन खिशाला लावलं होतं आणि ते उभ्या उभ्या फोन फिरवत होते.